पिंजाऱ्याचं दार

सर, तुमच्या शोकसभेत मी बोलले न्हाई. नाव पुकारलं होतं माझं. "आता सरांच्या आवडत्या विद्यार्थिनी, मथुराताई," असं म्हणून तुमच्या विभागातल्या त्या नव्या पोरानं माईक पुढं केला, अन् मी नुसती मान हलवून बसून राह्यले. लोकांना वाटलं बाईचा गळा दाटून आला. शेजारच्या बाईनं पाठीवरून हात फिरवला. गळाबिळा काही दाटला न्हवता. अंगाचा तिळपापड झाल्ता माझ्या. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर तुमच्या फोटोचा हार लोकांनी काढून ठेवला असता, म्हणून गप बसले.

तर आता बोलते, कागदावर. तुम्ही उत्तर देणार न्हाई, पण माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देत न्हाई ह्याची मला जुनी सवय आहे.

झालं काय ते आधी सांगते, कारण तुम्ही तिथं फोटोतच होते. पहिल्यांदा एक बँकेतले साहेब उठले. बारावीनंतर ते आयटीआयला जाणार होते म्हणे. मंग एक दिवस टाकळकर सर त्यांच्या घरी आले, चहा घेतला, भिंतीवरची गंजकी तलवार बघितली अन् त्यांच्या वडिलांना म्हणाले, "पोराला इतिहास द्या. तुमच्या तर घरातच इतिहास आहे." सगळ्यांनी माना डोलवल्या. मंग एसटीतले एक कंडक्टर उठले. त्यांच्या घरी जुनी विहीर होती. सर विहिरीत डोकावले अन् म्हणाले, तुमच्या तर घरातच इतिहास आहे. तिसरा नवीन जालन्यात बियाणाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, आमच्या घरी न तलवार न विहीर, दोन म्हशी होत्या, तरी सर तेच म्हणाले. लोक हसता हसता डोळे पुसून राह्यले होते. प्रत्येकाला वाटत होतं की आपले सर किती मोठ्या मनाचे.

मला हसू आलं न्हाई, सर. ते वाक्य माझं होतं. इतकी वर्षं मी ते उराशी धरून बसल्ते. तुमच्यावर चिडले, तुमच्या नावानं बोटं मोडली, तुमच्या दारावरून जायचं बंद केलं, तरी ते एक वाक्य मी फेकून दिलं न्हाई. अन् त्या सभेत कळलं की तुम्ही ते घरोघर वाटत फिरत होते. म्हशीवाल्याला सुद्धा.

तुम्ही आमच्या घरी आल्ते तेव्हा जालना नुकताच जिल्हा झाल्ता. आमचं गाव टेंभुर्णीपासून चालत जाण्यासारखं. नाव लिहीत न्हाई. लिहिलं तर जाफराबाद तालुक्यातल्या निम्म्या लोकांना कळंल मी कोणत्या घराबद्दल बोलून राह्यले, अन् ते घर अजून तिथंच आहे. मी बारावी झाल्ते. मार्क बरे होते. डी.एड.ला नंबर लागणार, मंग जिल्हा परिषदेची शाळा, मंग पक्की नोकरी, असं अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलं होतं. आमच्या घराण्यात मेंढरं सोडून कोणी काही सांभाळलं न्हवतं, पोरं सांभाळायला निघालेली मीच पहिली.

तुम्ही टेंभुर्णीच्या स्टँडवरून पायी आले. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत धूळ. अंगणात बाजेवर बसले. अण्णांनी सांगितलं, पोरीचं डी.एड.चं ठरलंय. तुम्ही पदवीचं महत्त्व वगैरे सांगायला लागले. अण्णा हो हो करत होते अन् मनात म्हणत होते की हा मास्तर कधी उठतो. तेवढ्यात आत्या मेंढरं घेऊन आली.

धुरपताआत्या ही अण्णांची मोठी बहीण. लहान वयात सासरहून परत आली ती आमच्याकडंच राह्यली. तिचं तोंड असं की गावातले मोठे लोकही तिच्या वाटंला जात नसत. तिनं मेंढरं कोंडली, हात धुतले अन् तुम्हाला विचारलं, तुम्ही काय शिकिवता. तुम्ही म्हणाले, इतिहास. ती म्हणाली, म्हंजी मागचं? तुम्ही म्हणाले, हो, मागचं. मंग ती घोंगडं टाकून तुमच्यासमोर बसली. मी चहा आणून तुमच्यापुढं ठेवला.

तिनं तुम्हाला सांगितलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा सलग ऐकलं. आमचा मुलूख निजामाचा, त्याला लोक मोगलाई म्हणायचे, अन् थोडं पुढं गेलं की वऱ्हाड, तिथं आधी इंग्रजाचं, मंग हिंदुस्थानचं राज्य. रझाकारीत आमची माणसं मेंढरं घेऊन वऱ्हाडात गेली. आत्या तेव्हा वेणी घालायच्या वयाची. गावात एक पिंजारी होता, कापूस पिंजून गाद्या भरून देणारा. त्याची पोरगी हुसेना अन् आत्या सारख्या वयाच्या, एका ताटात जेवणाऱ्या. गाव सोडताना अण्णा चार-पाच वर्षांचे होते. त्या पिंजाऱ्यानं त्यांना खांद्यावर घेऊन ओढ्यापलीकडं पोचवलं. मंग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आमची माणसं परत आली. आत्या पळत पिंजाऱ्याच्या घरी गेली तर घरात माणूस न्हाई, भांडं न्हाई, पिंजायची कमान न्हाई. घराला दार सुद्धा न्हाई. गावात कोणी सांगेना की माणसं कुठं गेली. बाहेरचं कोणी आलं न्हवतं, हे आपल्याच लोकांनी केलं, एवढं तिला कळलं.

अन् दार तिला सापडलं. गावातल्या मोठ्या घराच्या गोठ्याला लावलेलं. ते दार तिनं ओळखलं, कारण हुसेनानं त्याच्यावर खिळ्यानं चांदणी कोरली होती अन् शेजारी आत्यानं मेंढरू. मेंढरू कुत्र्यासारखं झाल्तं, अन् त्यावरून हुसेना तिला चिडवायची.

तुमची शेवटची बस गेली. तुम्ही आमच्याकडंच राह्यले. सकाळी निघताना अण्णांना म्हणाले, "हिला इतिहासच द्या. तुमच्या तर घरातच इतिहास आहे." अण्णांना आजवर कोणी असं काही म्हणलं न्हवतं. आमच्या घरात काय आहे म्हणून कोणी विचारलंच तर मेंढरं किती एवढंच विचारायचे. अण्णा टेंभुर्णीपर्यंत तुम्हाला सोडायला आले अन् परत येऊन म्हणाले, डी.एड. राहू दे. माझी मैत्रीण डी.एड.ला गेली, अन् मी अजून बी.ए.च्या परीक्षा देत होते तेव्हा ती पगारी मास्तरीण होऊन माहेरी येत होती.

मी अपडाऊन करायला लागले. टेंभुर्णीहून सकाळची एसटी, जालन्याला उतरून चालत कॉलेज. आपला वर्ग सायकल स्टँडच्या मागं पत्र्याच्या खोलीत. इतिहासाला आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात पोरी आम्ही दोघी. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की तुम्ही उन्हातान्हात गावं का तुडवत होते. राज्यशास्त्राचे सर स्टाफरूमच्या दारातून तुम्हाला मोठ्यानं विचारायचे, "काय टाकळकर, यंदा किती मेंढरं हाकून आणली?" अन् तुम्ही हसायचे. पोरं भरली न्हाई तर वर्कलोड जाणार, विषय बंद होणार, तुमची बदली होणार. सगळ्या कॉलेजाला हे ठाऊक होतं. मेंढरं हाकणाऱ्या घरची पोरगी तिथंच व्हरांड्यात उभी असायची, हे मात्र तुम्हा दोघांना कधी दिसलं न्हाई.

तरी मी ते गिळलं. मी मनाशी म्हणायचे, बाकीची असतील मेंढरं. माझ्या घरी सर बसले होते, आत्याचं ऐकलं होतं. मला त्यांनी संख्येसाठी आणलं न्हाई. त्या एका समजुतीवर मी तीन वर्षं काढली, सर. पावसाळ्यात बस बंद पडली की निम्म्या वाटंवरून चालत आले, पण तास चुकवला न्हाई.

अन् तुम्ही शिकवायचे चांगलं. हे मला कबूल करावं लागतं, ह्याचा मला राग येतो. बाकीचे सर पुस्तक उघडून वाचायचे. तुम्ही पुस्तक मिटून विचारायचे, हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, हे लिहून कोणाचं भलं झालं. फळ्यावर तुम्ही साधनं लिहिली: लिखित, भौतिक, मौखिक. मौखिक म्हणजे काय तर माणसाच्या तोंडून आलेलं. तुम्ही म्हणाले, आपल्या मराठवाड्याचा अर्धा इतिहास कागदावर न्हाई, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे, अन् ती माणसं जल्दी जाऊन राह्यली आहेत. माझी मान ताठ झाली. मला वाटलं तुम्ही माझ्याकडं बघून बोलून राह्यले.

जाफराबादच्या गढीवर तुम्ही आम्हाला नेलं. तिथं आम्ही सगळे लागलो माहिती सांगायला, हा किल्ला, तो बुरूज. तुम्ही सगळ्यांना गप केलं. म्हणाले, माहीत आहे ते नंतर सांगा, आधी दिसतं ते सांगा. आम्ही दगडावर बसून नुसतं बघत राह्यलो. एका पोरानं सांगितलं की खालच्या दगडाला अन् वरच्या दगडाला रंग वेगळा आहे. दुसऱ्यानं सांगितलं, चुना मधेच संपतो. तुम्ही एवढे खूश झाले की सगळ्यांना उसाचा रस पाजला. मी आजही माझ्या शाळेतल्या पोरांना तसंच शिकवते. दिसतं ते आधी, माहीत आहे ते मंग. ह्याबद्दल मी तुमचे पाय धरले असते, पुढचं झालं नसतं तर.

परीक्षा जवळ आली की तुम्हीच म्हणायचे, पेपरात माझ्या नोट्स लिहा, स्वतःचं डोकं चालवू नका. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं तुम्ही कोटाच्या खिशातल्या पिवळ्या कागदांवरून सांगायचे अन् आम्ही मान खाली घालून उतरवून घ्यायचो. तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता. विचारायचं ते फक्त गढीवर अन् लिहायचं ते नोट्सचं, अशी तुमची दोन दप्तरं होती.

शेवटच्या वर्षी तुम्ही स्वतः मला बोलावलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात काहीतरी लिही म्हणाले. "घरातलं लिही," हे तुमचेच शब्द. मी दिवाळीची सुटी आत्याच्या मागं मागं मेंढरांत काढली. तिला खोदून खोदून विचारलं. मंग मोठ्या घराच्या गोठ्यापाशी गेले. ताक मागायच्या निमित्तानं आत शिरले अन् दाराला हात लावला. चांदणी होती, सर. मेंढरूही होतं, अगदी कुत्र्यासारखं. तुम्ही शिकवलं तसं मी आधी दिसतं ते लिहिलं, मंग आत्यानं सांगितलं ते लिहिलं. कोणावर आरोप केला न्हाई, घराचं नाव घातलं न्हाई. तुम्ही विचारलं म्हणून फक्त तुम्हाला तोंडी सांगितलं, गोठा कोणाचा ते.

आठवड्यानं तुम्ही स्टाफरूममध्ये बोलावलं. लेख टेबलावर होता, अर्ध्या पानावर लाल रेघ. तुम्ही म्हणाले, वऱ्हाडात गेलात, हाल सोसले, तो भाग छान आहे. पुढचं काढावं लागेल.

"का, सर?"

"पुरावा काय ह्याला?"

"आत्या आहे."

"आत्या म्हणजे पुरावा नाही, मथुरा. ती आठवण झाली. एका अशिक्षित बाईची आठवण."

"दार आहे, सर. चला माझ्यासंगं. आत्ता बस आहे."

तुम्ही चष्मा काढून पुसला. म्हणाले, "दार काय, कोणतंही कुठंही असतं."

तुम्ही उठलेच न्हाई. त्या मोठ्या घरातला माणूस आपल्या कॉलेजच्या संस्थेवर होता, हे मला तेव्हा ठाऊक न्हवतं. तुम्हाला होतं. मला ते नंतर कळलं अन् तेव्हापासून माझ्या डोक्यात तिडीक आहे ती गेली न्हाई. तुम्ही नुसतं म्हणाले असते, पोरी, मला भीती वाटते, माझं पोटपाणी त्यांच्या हातात आहे, तर मी एका शब्दानं बोलले नसते. आम्हाला भीती समजते. भीतीपायी आमची माणसं मेंढरं घेऊन राज्य सोडून गेल्ती. पण तुम्ही भीतीला पुरावा म्हणाले. स्वतःची मान वाचवायला तुम्ही फळ्यावरचा शब्द वापरला अन् आत्याला खोटं पाडलं.

अंक छापून आला. लेख अर्धा होता अन् शेवटी एक वाक्य जोडलं होतं, जे मी लिहिलं न्हवतं. "अशा रीतीने सर्व गाव पुन्हा गुण्यागोविंदाने नांदू लागले." अक्षर छापील होतं पण भाषा तुमची होती, नोट्समधली. घरी अण्णांनी कौतुकानं सगळ्यांना बसवून मला लेख वाचायला लावला. माझं नाव छापलेलं बघून आई रडली. मी वाचला. आत्या गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. वाचून झालं. ती म्हणाली, "अन् हुसेना?"

मी म्हणाले, सरांनी काढलं. ती म्हणाली, का. मी म्हणाले, पुरावा न्हाई म्हणे. आत्या उठली, घोंगडं उचललं अन् मेंढरांकडं गेली. मी तुम्हाला येतील तेवढ्या शिव्या घातल्या. त्यावर आत्या एक गोष्ट बोलली, पण ती मी आत्ता सांगत न्हाई. ती तुमच्या बाजूची आहे, अन् तुमच्या बाजूनं बोलायला मला अजून वेळ लागंल.

ह्यानंतरचं नुकसान लोकांना दिसत न्हाई म्हणून मोजता येत न्हाई. तो एक शब्द माझ्या डोक्यात बसला. आत्या बोलायला लागली की माझ्या मनात यायचं, ही आठवण आहे, हा इतिहास न्हाई. मी बी.एड. केलं, जाफराबादच्या एका शाळेत लागले, बिनपगारी वर्षं काढली, मंग पगार सुरू झाला. पोरांना गढीचे दगड दाखवत अन् पुस्तकातलं शिकवत राह्यले. आत्या घरात होती अन् मी तिला काही विचारलं न्हाई. पिंजाऱ्याचं नाव काय होतं, ते मला आजही ठाऊक न्हाई. हुसेनाला भाऊ होता का, तिची आई कुठली, ती कोणत्या वाटंनं गेली असंल, काही न्हाई. आत्या गेली तेव्हा हे सगळं तिच्यासंगं गेलं. तुम्ही शिकवलंच होतं की ही माणसं जाऊन राह्यली. फक्त त्या माणसांत माझी आत्या तुम्ही धरली न्हवती.

अन् मंग तुमचा कळस. आत्या जाऊन काही वर्षं झाल्यावर पेपरात बातमी आली. कार्यशाळा, विषय मौखिक इतिहास ही काळाची गरज, उद्घाटक तुम्ही. मी मुद्दाम रजा काढून आले, शेवटच्या रांगेत बसले. तुम्ही टेपरेकॉर्डर दाखवून तरुण पोरांना सांगत होते की खेड्यातल्या निरक्षर बायका म्हणजे चालते बोलते दस्तऐवज आहेत. टाळ्या पडल्या. मी मधल्या चहाच्या आधीच उठून एसटी स्टँडवर आले. मिळाली ती जाफराबादची गाडी धरली.

शेवटची भेट तुमच्या आजारपणातली. तुमच्या घरच्या काकूंचा शाळेत फोन आला, सर तुझं नाव काढतात, येऊन जा. यायचं न्हवतं, पण काकूंनी त्या तीन वर्षांत मला किती वेळा गरम भाकरी वाढली होती, म्हणून आले. नवीन जालन्यातलं तुमचं घर, खिडकीतून स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. लकव्यानं तुमचा उजवा हात गेल्ता, बोलणं जड झाल्तं. काकू चहा ठेवायला आत गेल्या. तुम्ही माझ्याकडं बघितलं अन् विचारलं, "ते दार... आहे का अजून?"

मला काय वाटलं सांगू? वाटलं, म्हणजे ह्या माणसाला माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं. मी म्हणाले, न्हाई सर. त्यांनी गोठा पाडला, स्लॅबचं घर बांधलं, खाली दुकानाला शटर बसवलं. दार जाळलं असंल न्हाईतर विकलं असंल.

तुम्ही डोळे मिटले. म्हणाले, "म्हणजे आता पुरावा राहिला नाही."

"होता तेव्हा तुम्ही आले न्हाई," मी म्हणाले.

तुम्ही तोंड भिंतीकडं फिरवलं. काकू चहा घेऊन आल्या. मी तो घेतला न्हाई, शाळेचं काम आहे म्हणून निघाले. महिनाभरात तुम्ही गेले. लोकांनी मला विचारलं, शेवटचं काय बोलणं झालं. मी म्हणाले, असंच, गावाकडचं. दार होतं तेव्हा तुम्ही आले न्हाई, हे तुम्हाला तोंडावर बोलल्याचं मला वाईट वाटत न्हाई, सर. ते बोलायला मला फार वर्षं लागली होती. वाईट ह्याचं वाटतं की तुम्ही भिंतीकडून परत वळले न्हाई, अन् मी थांबले न्हाई, अन् तुम्ही ते घाबरून विचारलं का शरमून विचारलं, हे आता कोण सांगणार.

म्हणून शोकसभेत ते वाक्य प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझं उरलंसुरलं गेलं. मी म्हणाले, संपलं. मीही मेंढरूच. सभा झाल्यावर सगळे चहाला थांबले. मी आपणहून त्या तिघांकडं गेले. तुमचीच शिकवण, एका साधनावर विसंबू नये. बँकेच्या साहेबांना विचारलं, सर तुमच्याकडं किती वेळ होते? ते म्हणाले, चहा प्याले अन् गेले, अजून दोन घरं करायची होती त्यांना. कंडक्टरांनीही तेच सांगितलं. म्हशीवाला हसून म्हणाला, "ताई, आमच्याकडं तर सरांनी स्कूटर बंदबी केली न्हाई."

जालन्याहून घरी येईपर्यंत मी हेच उलटसुलट करून राह्यले होते. त्यांच्याकडं दहा मिनिटं, आमच्याकडं रात्रभर. म्हणजे आमच्याकडं तुम्ही खरंच ऐकायला बसले होते. पण लगेच दुसरं मन म्हणायचं, बस चुकली होती, जाणार कुठं? बस चुकली म्हणून बसले, का बसले म्हणून बस चुकली, हे मी कशावरून ठरवायचं? वाक्य तर तेच होतं, म्हशीवाल्याचं अन् माझं. तुम्ही शिकवलेले तिन्ही प्रश्न मी तुम्हाला लावून बघितले. कोण म्हणालं, कधी म्हणालं, म्हणून कोणाचं भलं झालं. भलं तुमचं झालं, सर. तुमचा विषय राह्यला, तुमची नोकरी राह्यली, माझं डी.एड. गेलं. तुमच्या विरुद्ध सगळं बराबर जुळतं.

तुमच्या बाजूनं फक्त आत्या आहे. आता तिचं सांगते.

अंक वाचला त्या दिवशी मी तुम्हाला शिव्या घालत होते, तेव्हा ती मेंढरांकडून परत आली अन् मला म्हणाली, "त्याला शिव्या नको दिऊ. त्यो ऐकत व्हता. मी हुसेनाचं सांगून राह्यले व्हते तव्हा त्याच्या चहावर साय धरली, माशी पडली, त्यानं बघितलं बी न्हाई. पुढं घाबरला आसंल. पर ऐकलंय त्यानं."

बस, एवढंच. मला तो चहा आठवत न्हाई. मी तो आणून ठेवला होता एवढंच आठवतं; साय, माशी, काही न्हाई. अण्णा गेले, आई गेली, तुम्ही गेले. तुम्ही मला संख्या भरायला नेलं का आणखी कशासाठी, ह्याला एकच साक्षीदार होती, अन् तिचं हे असं तोंडी, कुठं लिहिलेलं न्हाई, ज्या कपातला चहा तो कप सुद्धा शिल्लक न्हाई. अशिक्षित बाईची आठवण. तुमच्या नियमानं हे बाद, सर. तुमच्या नियमानं गेलं तर तुम्ही स्कूटर बंद न करता घरोघर एकच वाक्य टाकत फिरणारे मास्तर, अन् मी तुमच्या वर्कलोडमधली एक.

पण मी तिचा शब्द पुरावा धरते. धरला म्हणून हे लिहिलं, न्हाईतर कागद घेऊन बसले सुद्धा नसते. तुम्ही जिला माझ्या लेखातून कापून टाकलं, तिच्याच एका सांगण्यावर आज तुम्ही माझे सर आहात.